तिसरी लाट

एक्केचाळीस वर्षं बोटीवर होतो,
कधी मळमळलं नाही.
नवखी पोरं कठड्याशी वाकून ओकायची
तेव्हा मी मागे बसून भात खायचो,
खारवलेला मुळा कडाकडा चावत.

आता घर हलतं.
ओगाच्या किनाऱ्यावरचं हे लाकडी घर,
भूकंपात ज्याची चार कौलं तेवढी गेली,
ते पहाटे लघवीला उठलो की
एका कुशीवर कलतं.
भिंतीवरचं कॅलेंडर चढाला लागतं,
खिडकीच्या आधी कडा काळ्या होतात,
मग मधला उजेड.
कानात कुणीतरी इंजिन सुरू करतं
आणि बंद करायला विसरतं.

शिगेनोला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तेत्सुयानं
मला बोटीवर पाय ठेवू दिला नसता,
पुतण्या झाला तरी बोट आता त्याची.
दाराची चौकट धरून उभा राहायचो.
ती विचारायची, काय बघताय?
मी म्हणायचो, बर्फ.
मे महिन्यातही एकदा म्हणालो, बर्फ.
ती काही बोलली नाही.

मंगळवारी हानेदा नर्स आली,
बुटांवरचा चिखल दाराशी झटकत.
आडवे व्हा, कियोमात्सु-सान.
दंडाला पट्टा आवळला. एकशे अठ्ठावन्न.
आता उभे राहा.
एकशे चार,
आणि मी तिच्या खांद्यावर.
"कधीपासून होतंय हे?"
"आत्ताच."
शिगेनो चहा ओतता ओतता म्हणाली,
"मे महिन्यापासून."

आमच्या घरात पिंपं होती, माणसापेक्षा उंच.
एक थर मासे, एक थर मीठ,
वर नदीतला धोंडा.
सहा महिने बर्फ, रस्ता बंद,
त्या पिंपांनी आम्हाला जगवलं.
वडील बासष्टाव्या वर्षी
जाळं विणता विणता कलंडले,
सुई बोटांतच राहिली.
गावात म्हणाले, त्याला लागलं.
काय लागलं, ते कुणी विचारत नसे.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
रक्त जागतंय, दुसरं काय.
मिठानं वर चढतं,
गोळीनं धाडकन उतरतं,
आणि जिन्यात मी उभा, कठडा शोधत.
मिसोचं सूप हल्ली
भांडं विसळलेल्या पाण्यासारखं लागतं.
मी वाटी रिकामी करतो.

हानेदा म्हणाली, डॉक्टरांना विचारते,
तोवर मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत.
आणि उठायची घाई नको.
आधी कूस, मग बसायचं, मग तीसपर्यंत मोजायचं,
मगच पाय.
मला हसू आलं.
बाई, होडीतून धक्क्यावर उतरताना
वडिलांनी दुसरं काय शिकवलं होतं?
पहिली उचलते, दुसरी आपटते,
तिसरी जाऊ दे,
मग टाक पाय.
ज्यांनी घाई केली त्यांचे घोटे गेले,
एकाचा तर सगळाच माणूस गेला,
होडी आणि दगडाच्या मधे.
हे तिला सांगितलं नाही.
तिने माझी बोटं मोजून दाखवली, लहान पोराची दाखवावी तशी.

काल रात्री गडगडलं.
डिसेंबरात गडगडलं की हाताहाता येतात,
पोटात अंडी घेऊन, थेट किनाऱ्याच्या शेवाळात,
वर्षातून तेवढे काही दिवस.
मी झटक्यात अर्धा उठलो,
आणि थांबलो.
अंथरुणात बसून, तळवे चटईवर टेकवून.
खाली धक्क्यावर इंजिन सुरू झालं,
या खेपेला कानातलं नव्हे, तेत्सुयाचं.
भिंत थोडी कलली.
कलू दे.
पहिली.
दुसरी.
पलीकडे शिगेनो झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती,
श्वास तिचा अडकून अडकून येत होता,
म्हणजे तीही मोजत होती,
आणि माझ्यापेक्षा हळू.